यशवंतराव होळकर : वेगाचे वेड आणि इंजिनाचा श्वास

इंदूरच्या होळकर संस्थानचे अखेरचे अधिपती महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे नाव आज निरनिराळ्या वर्तुळांत निरनिराळ्या कारणांनी घेतले जाते. कलेच्या अभ्यासकांना ते माणिकबाग राजवाड्यामुळे ठाऊक आहेत, क्रिकेटच्या जुन्या रसिकांना होळकर संघामुळे आणि इंदूरच्या सर्वसामान्य माणसाला त्यांचे नाव धारण करणाऱ्या भव्य सरकारी रुग्णालयामुळे. जुन्या मोटारींच्या जगात मात्र हे नाव एकाच गाडीशी कायमचे जोडले गेले आहे. नारिंगी आणि काळ्या रंगाची, प्रचंड लांबीची आणि तरीही दोनच माणसांच्या बैठकीची अशी ती अमेरिकन ड्यूसेनबर्ग. त्या गाडीच्या इंजिनात हवा आत घेण्याची आणि धूर बाहेर टाकण्याची जी खास योजना होती, ती समजून घेतली तर तिच्या मालकाची आवड आणि त्याच्या आयुष्यातील विसंगती या दोहोंवर बराच प्रकाश पडतो.

अकाली आलेली गादी

यशवंतरावांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 रोजी इंदूर येथे झाला. मल्हारराव होळकरांनी तलवारीच्या बळावर उभे केलेले आणि अहिल्याबाईंनी न्यायबुद्धीने व दानधर्माने देशभर पूज्य केलेले हे घराणे. नीरेकाठच्या होळ गावावरून त्याला हे नाव मिळाले. दोन शतके माळव्यात राहूनही घराण्याची मराठी ओळख पुसली गेली नव्हती. 1917 साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले आणि यशवंतरावांच्या कारकिर्दीत, 1935 मध्ये, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा तेथे भरले.

वडील तुकोजीराव (तिसरे) हौशी आणि खर्चिक राजे. त्यांच्या दरबारातून निघून गेलेली मुमताज बेगम मुंबईत अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याच्या आश्रयाला होती. 12 जानेवारी 1925 रोजी संध्याकाळी मलबार हिलवर बावलाची मोटार दुसऱ्या एका मोटारीने अडवली गेली आणि त्यातून उतरलेल्या मारेकऱ्यांनी बावलाला गोळ्या घातल्या. योगायोगाने तेथून जाणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केल्यामुळे मुमताजचे अपहरण टळले. तपासाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी, असे दोनच पर्याय ब्रिटिशांनी तुकोजीरावांपुढे ठेवले. 26 फेब्रुवारी 1926 रोजी त्यांनी गादी सोडली आणि सतरा वर्षांचे यशवंतराव महाराजा झाले.

सुमारे दहा हजार चौरस मैलांच्या संस्थानाचा हा धनी त्या वेळी विद्यार्थी होता. इंग्लंडमधील चार्टरहाउस शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. दरम्यान राज्याचा गाडा सर सिरेमल बाफना यांच्यासारखे कसलेले प्रशासक हाकत होते. पूर्ण अधिकार यशवंतरावांच्या हाती आले ते 9 मे 1930 रोजी. त्यापूर्वीच, 1924 मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता.

वडिलांच्या पदच्युतीचा धडा या तरुणाने विसरणे शक्य नव्हते. संस्थानिकाची सत्ता दिसायला कितीही झगमगती असली तरी तिची किल्ली दिल्लीतील ब्रिटिश सरकारच्या खिशात असते, हे त्याने ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाहिले होते.

माणिकबागेतील नवे जग

ऑक्सफर्डमध्ये यशवंतरावांची गाठ एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी पडली. दोघेही विशीतले. पुढे याच मुथेसियसकडे इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे काम आले. 1930 ते 1933 या काळात सिद्ध झालेल्या या राजवाड्यात घुमट, झुंबरे आणि नक्षीदार महिरपी यांना जागा नव्हती. सरळ रेषा, धातूच्या नळ्यांच्या खुर्च्या, काच, आरसे आणि वातानुकूलन यांची ती वास्तू होती. ल कॉर्ब्युझिए, आयलीन ग्रे, रूलमान अशा युरोपातील अग्रगण्य रचनाकारांचे सामान तेथे आले. महाराजांच्या खास रेल्वे डब्याची आणि विमानाची अंतर्गत सजावटही मुथेसियसनेच केली.

रोमानियन शिल्पकार ब्रांकुसी याची पक्ष्याच्या उड्डाणावरची तीन शिल्पे महाराजांनी घेतली. एक पितळेसारख्या चकाकणाऱ्या ब्राँझचे, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचे. त्या शिल्पांत पक्ष्याचे पंख नाहीत की चोच नाही. आहे ती केवळ वर झेपावणारी एक निमुळती रेषा. या शिल्पांसाठी ध्यानमंदिर बांधण्याचा विचार होता आणि त्याकरिता ब्रांकुसी 1938 च्या आरंभी स्वतः इंदूरला येऊन गेला. ते मंदिर मात्र कधीच उभे राहिले नाही. आदल्याच वर्षी संयोगिताबाईंचे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निधन झाले होते आणि माणिकबागेचे चैतन्य त्यांच्याबरोबरच गेले होते.

जे काम करायचे ते रूपात दिसावे आणि रूपासाठी म्हणून वेगळे काही चिकटवू नये, हे या साऱ्या निवडीमागचे सूत्र. मोटारी निवडतानाही ते सुटले नाही. बेंटली, हिस्पानो-सुइझा, अल्फा रोमेओ अशा त्या काळातील नामवंत गाड्या महाराजांच्या ताफ्यात होत्या. इतर संस्थानिक गाड्यांना चांदीचा मुलामा, रत्नजडित दिवे आणि शिकारीच्या बंदुकांचे खण लावून घेत असताना, यशवंतरावांची नजर गाडीच्या रेषेवर आणि बॉनेटखालच्या यंत्रावर असे.

हवेचे गणित

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील कंपनी. फ्रेड आणि ऑगस्ट या जर्मनीत जन्मलेल्या बंधूंनी शर्यतीच्या गाड्या बनवून नाव कमावले आणि 1928 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आपली ‘जे’ ही गाडी सादर केली. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे 6.9 लिटर क्षमता, दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार याप्रमाणे एकूण बत्तीस व्हॉल्व्ह. कंपनीच्या दाव्यानुसार शक्ती 265 अश्वशक्ती. त्या वेळच्या साध्या अमेरिकन गाड्या चाळीस-पन्नास अश्वशक्तीवर समाधानी होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पेट्रोल जास्त ओतणे मुळीच कठीण नसते. कठीण असते ती त्याला पुरेल एवढी हवा आत नेणे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एका लिटर पेट्रोलला जवळपास 9 हजार लिटर हवा हवी. पिस्टन खाली जाताना जी पोकळी निर्माण होते, तिच्यात बाहेरची हवा आपल्या दाबाने शिरते. वेग वाढला की तिला शिरायला क्षणाचाही अवधी उरत नाही. शिवाय आधीच्या स्फोटाचा धूर पूर्ण बाहेर पडला नसेल, तर नव्या हवेची जागा तोच अडवून बसतो. म्हणजे इंजिनाचाही श्वास असतो, आणि माणसाप्रमाणेच त्याला आत घेण्याइतकेच बाहेर सोडणेही महत्त्वाचे असते. एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्हऐवजी चार व्हॉल्व्ह देण्यामागे हेच कारण होते.

1932 मध्ये या गाडीची ‘एसजे’ ही सुधारित आवृत्ती आली. तिला सुपरचार्जर जोडला होता. इंजिनाच्याच जोरावर, पण त्याच्या कित्येक पट वेगाने फिरणारा हा पंखा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये ढकलत असे. शक्ती 265 वरून 320 अश्वशक्तीवर गेली. म्हणजे त्याच लोखंडातून वीस टक्क्यांहून अधिक वाढ. वाढलेला ताण सोसण्यासाठी आतले कनेक्टिंग रॉडही बदलावे लागले. माळव्यासारख्या पठारी प्रदेशात या योजनेचा आणखी एक फायदा होता. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील इंदुरात हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनाची ताकद तेवढ्याच प्रमाणात घटते. दाबून हवा भरणाऱ्या इंजिनाला ही तूट सहज भरून काढता येते.

सुपरचार्जरला बॉनेटखाली जागा लागली आणि तेथून धूर वाहून नेणाऱ्या जाडजूड नळ्यांना बाहेर पडावे लागले. बॉनेटच्या कुशीतून निघून खाली वळणाऱ्या चकाकत्या लवचीक नळ्या हे ‘एसजे’चे चिन्ह ठरले. ती शोभा नव्हती. आत हवा भरण्याची सोय बदलली, म्हणून धूर बाहेर काढण्याचा मार्ग बदलला आणि तो बदल डोळ्यांना दिसला, इतकेच. या इंजिनाचा शिल्पकार फ्रेड ड्यूसेनबर्ग याला ते यश फार काळ पाहता आले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘एसजे’ चालवत असताना झालेल्या अपघातानंतर त्याचा मृत्यू झाला.

नळ्या खऱ्या, नळ्या दिखाऊ

यशवंतरावांनी निवडली ती हीच सुपरचार्जर लावलेली ‘एसजे’. ड्यूसेनबर्ग कंपनी इंजिनासह नुसती चासी विकत असे; वरचा साज ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचा. महाराजांनी हे काम लंडनमधील चेल्सीच्या गर्नी नटिंग या नामांकित पेढीला दिले. दोन उपलब्ध लांबींपैकी मोठी, म्हणजे चाकांमध्ये 153.5 इंचांचे अंतर असलेली चासी त्यासाठी घेतली गेली. एरवी अशा चासीवर सात माणसांची बंद गाडी बांधली जात असे. येथे तिच्यावर दोघांपुरती उघडी गाडी बांधली गेली. पुढे न संपणारे बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. ब्रांकुसीच्या पक्ष्याची आठवण व्हावी अशी ती एकच लांब रेषा.

या गाडीची खरी किंमत कळते ती तिच्या भोवतालच्या गाड्यांशी तुलना केल्यावर. ‘एसजे’च्या बाहेर काढलेल्या नळ्या अमेरिकेत एवढ्या लोकप्रिय झाल्या की, सुपरचार्जर नसलेल्या साध्या ‘जे’च्या मालकांनीही त्या बसवून घ्यायला सुरुवात केली. कंपनीही त्या जादा दाम घेऊन पुरवू लागली. इंजिनाची ताकद त्याने वाढत नव्हती, हवा आत जाण्याची सोय होती तशीच राहत होती; गाडी तेवढी ‘एसजे’सारखी दिसू लागे. मोटारीला बाहेरून भाग जोडून ती आहे त्याहून दांडगी भासवण्याचा उद्योग असा नव्वद वर्षे जुना आहे.

त्याच्या उलट उदाहरणही याच इंजिनाचे आहे. ऑगस्ट ड्यूसेनबर्गने हवा आत घेणारी नळी नव्याने आखली. मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे वळलेल्या दोन वाटा आणि दोन कार्बुरेटर अशी ती रचना होती. सिलिंडर तेच, क्षमता तीच. शक्ती मात्र 400 अश्वशक्तीच्या घरात गेली. 1935 च्या ऑगस्ट महिन्यात ॲब जेंकिन्स याने अशा इंजिनाची गाडी बॉनव्हिलच्या मिठागरावर सलग चोवीस तास चालवून ताशी 135.47 मैलांची, म्हणजे सुमारे 218 किलोमीटरची सरासरी गाठली. याच धर्तीच्या आखूड चासीच्या दोन खास गाड्या बनल्या आणि त्या हॉलिवूडचे नट गॅरी कूपर व क्लार्क गेबल यांच्याकडे गेल्या. श्वासाची वाट मोकळी करणे म्हणजे काय, याचा हा धडा आजही मोटार अभियंत्यांना गिरवावा लागतो.

अर्थात या ताकदीचे मोल इंधनात मोजावे लागे. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि सुपरचार्जर फिरवण्यासाठी इंजिनाचीच काही शक्ती खर्ची पडणार. महाराजांना त्याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. त्यांच्या प्रजेतील बहुतेकांचे दळणवळण बैलगाडीवर चालत होते आणि पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत तीही रुतत होती. या वस्तुस्थितीकडे काणाडोळा करून यशवंतरावांचे चरित्र लिहिता येणार नाही. माणिकबाग आणि ड्यूसेनबर्ग यांचा पैसा अखेर याच मातीतून आला होता.

कोळशावरचे दिवस

दुसरे महायुद्ध पेटले आणि वेगाचे ते दशक संपले. ड्यूसेनबर्ग कंपनी 1937 मध्येच बंद पडली होती. 1941 पासून हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि देशभरातील बस व मालमोटारींच्या पाठीशी उंच लोखंडी पिंपे दिसू लागली. त्यांत लोणारी कोळसा अर्धवट जाळायचा, निघणारा वायू गाळून घ्यायचा आणि तो कार्बुरेटरऐवजी इंजिनात सोडायचा, अशी ती तजवीज. हाही इंजिनाच्या श्वासमार्गातला बदलच होता. पण सुपरचार्जरच्या नेमका विरुद्ध. या वायूत निम्म्याच्या आसपास निरुपयोगी नत्रवायू असल्याने इंजिनाची तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक ताकद कमी होई. घाटात उतारूंना खाली उतरून चालावे लागे. तरीही त्या पिंपांनी सामान्य माणसाची वाहतूक चालू ठेवली. एकाच दशकात, एकाच देशात, एक इंजिन राजाच्या वेगासाठी हवा गिळत होते आणि दुसरे प्रजेच्या गरजेसाठी कोळशाचा धूर.

या काळात यशवंतरावांचे बरेच दिवस अमेरिकेत गेले. 1938 मध्ये त्यांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. तो 1943 मध्ये संपुष्टात आला आणि त्यांनी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरा विवाह केला. दूर राहणारा राजा म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र याच यशवंतरावांनी 1942 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. ब्रिटिशांच्या मर्जीवर ज्याची गादी टिकून होती आणि ज्याच्या वडिलांची गादी त्याच मर्जीने गेली होती, अशा संस्थानिकासाठी हे पाऊल सोपे नव्हते.

त्यांच्या आश्रयाचे आणखी एक ठोस फळ म्हणजे होळकर क्रिकेट संघ. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली आणि मुश्ताक अलींसारख्या इंदूरच्याच खेळाडूच्या साथीने या संघाने 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 अशी चार वेळा रणजी करंडकावर मोहोर उमटवली. मुंबईच्या मक्तेदारीला त्या काळात सातत्याने टक्कर देणारा संघ हाच होता.

उतरणीचा प्रवास

स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या विलीनीकरणाला वेग आला. इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य 28 मे 1948 रोजी अस्तित्वात आले. शिंदे आणि होळकर या मराठेशाहीतील दोन जुन्या प्रतिस्पर्धी घराण्यांना एका छत्राखाली आणणारी ही व्यवस्था होती. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. 1956 मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर तेही पद गेले. ज्या सत्तेचा झगमगाट मोठा आणि गाभा परक्याच्या हाती होता, ती सत्ता अशी शांतपणे इतिहासजमा झाली. सुपरचार्जर नसताना बाहेर लावलेल्या नळ्यांसारखेच संस्थानी वैभवाचे बरेचसे रूप होते. यशवंतरावांना आपल्या गाडीत जे खपले नसते, ते त्यांच्या सिंहासनाच्या नशिबी मात्र होते.

5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, यशवंतरावांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी गोवा मुक्त झाला आणि भारतीय भूमीवरील परकीय सत्तेचा शेवटचा अवशेषही संपला. त्यांच्यानंतर घराण्याचा वारसा संयोगिताबाईंच्या कन्या उषाराजे यांच्याकडे गेला. ब्रांकुसीचे दोन संगमरवरी पक्षी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचले, 1980 मध्ये माणिकबागेतील सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि राजवाड्यात केंद्र सरकारच्या करविभागाची कचेरी आली. नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परतली आणि तेथील संग्राहकांच्या जगात आजही मानाने मिरवते.

इंदूरला मोटारींचे वेड मात्र राहिले. शहराजवळच्या पिथमपूर येथे वाहन चाचणीचा 11.3 किलोमीटर लांबीचा अतिवेगवान ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. आशियातील सर्वांत लांब असा त्याचा लौकिक आहे. तेथे गाड्यांचा वेग, धूर आणि इंधनाचा खप काटेकोरपणे मोजला जातो. दुसरीकडे, इंदूरपासून पणजीपर्यंत प्रत्येक शहरात रात्री-अपरात्री फाडलेल्या सायलेन्सरचा कर्कश आवाज ऐकू येतो. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मनाई केली आहे. शिवाय आत जाणारी हवा, इंधनाचे प्रमाण आणि बाहेर पडणारा धूर यांचा मेळ न घालता नुसता सायलेन्सर बदलला तर आवाज तेवढा वाढतो. ताकद किंवा मायलेज क्वचितच. यशवंतरावांच्या गाडीच्या नळ्या बाहेर आल्या होत्या, कारण आत खरोखरच काही बदलले होते.